डॉ. मुंजे : चार ओळींच्या परिचयातलं एक विशेषण

नागपुरात बर्डीवर मुंजे चौकात रोज हजारो माणसं मेट्रोची लाइन बदलतात. मुंजे कोण, हे त्यातल्या बहुतेकांना ठाऊक नसतं, आणि ज्यांना ठाऊक असतं त्यांचं आपसात पटत नाही. एकाच्या लेखी ते ‘धर्मवीर’, दुसऱ्याच्या लेखी मुसोलिनीला भेटून आलेले फॅसिस्ट. स्मरणिका असो, व्याख्यानमालेची पत्रिका असो, कॉलेजच्या नोट्स असोत, डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांचा सत्तर-ऐंशी शब्दांचा परिचय लिहायला घेतला की गाडी हमखास एका विशेषणावर अडते. मग दोन्ही बाजू आवाज चढवतात, शेवटी कोणीतरी ‘थोर नेते’ लिहून मोकळा होतो, आणि वाचणाऱ्याच्या पदरात काहीच पडत नाही.

हे विशेषण कसं ठरवावं, यावर हे टिपण आहे. मुंजे उदाहरणाला घेतले, कारण नागपूरच्या राजकीय इतिहासात इतक्या लेबलांची ओढाताण झालेला माणूस दुसरा सापडणं कठीण. त्यांचा गौरव करायचा नाही आणि त्यांना झोडपायचंही नाही. लिहिलेला शब्द पुराव्यावर उभा राहतो का, एवढंच बघायचं आहे.

पहिलं काम विशेषणाचं नाहीच. आडवा कागद घ्या आणि चार रकाने आखा : साल, कृती, तेव्हाचा पक्ष किंवा पद, आणि पुरावा कोणत्या जातीचा. शेवटच्या रकान्यात स्वतःच्या हातची नोंद, संस्थेचं इतिवृत्त, त्या दिवसाचं वर्तमानपत्र की चाळीस वर्षांनी लिहिलेली आठवण, हे स्पष्ट मांडायचं. विशेषणाला रकाना द्यायचाच नाही. तो दिला की माणूस आधी तो भरतो आणि मग त्याला जुळेल असं बाकीचं शोधत बसतो.

मुंज्यांचा कागद भरायला घेतला की पहिल्या दहा ओळींतच सगळी सोपी लेबलं हलायला लागतात. १८७२ साली बिलासपूरला जन्म. १८९८ साली मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टरकी. बोअर युद्धाच्या वेळी वैद्यकीय पथकातून दक्षिण आफ्रिका. मग नागपूर, डोळ्यांच्या शस्त्रक्रियेत नाव, आणि नेत्रचिकित्सेवर चक्क संस्कृतात ग्रंथ. १९०७च्या सुरतेच्या काँग्रेसमध्ये टिळकांच्या बाजूला. १९२०च्या डिसेंबरात नागपुरात काँग्रेसचं अधिवेशन भरायचं होतं. त्याचं अध्यक्षपद अरविंद घोषांनी घ्यावं म्हणून पाँडिचेरीकडे खटपट करणाऱ्यांत मुंजे पुढे होते. ३० ऑगस्ट १९२०चं अरविंदांचं नकाराचं पत्र मुंज्यांनाच आहे. टिळकांना जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. म्हणजे इथपर्यंत हा माणूस पुरता काँग्रेसचा आहे, आणि ‘आधीपासूनच हिंदुसभावाले’ हे वाक्य इथेच गळून पडतं.

पुढे रकाने दाटायला लागतात. मलबारमधल्या १९२१च्या उठावानंतर तिथे जाऊन त्यांनी सक्तीच्या धर्मांतरांवर अहवाल लिहिला. १९२५ साली स्वराज्य पक्षाचे श्री. ब. तांबे मध्यप्रांताच्या गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळात गेले, त्यावरून पक्षात फूट पडली, आणि न. चिं. केळकर, जयकर यांच्याबरोबर मुंजे प्रतिसहकार पक्षात, म्हणजे पदं घेऊन काम करायला तयार असलेल्या गटात आले. १९२६ साली मध्यवर्ती कायदेमंडळात गेले, १९२७ साली हिंदू महासभेचे अध्यक्ष झाले. काँग्रेसने बहिष्कार घातलेल्या पहिल्या गोलमेज परिषदेला लंडनला हजर राहिले. १९ मार्च १९३१ला रोममध्ये मुसोलिनीची भेट. त्याच वर्षी चेटवूड समितीचे सदस्य. पुढच्या वर्षी डेहराडूनला उघडलेली लष्करी अकादमी ही त्या समितीच्या शिफारशीतून आलेली. १९३२ साली दलित नेते एम. सी. राजा यांच्याशी राजा-मुंजे करार (त्याबद्दल पुढे). १९३५ साली सेंट्रल हिंदू मिलिटरी एज्युकेशन सोसायटी, १९३७ साली नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल. १९४८च्या मार्चमध्ये मृत्यू.

इथे एक सार्वत्रिक चूक नोंदवायला हवी. ‘१९२७ ते १९३७ हिंदू महासभेचे अध्यक्ष’ ही ओळ एका लेखातून दुसऱ्यात उतरत सगळीकडे पसरली आहे. पण महासभेची अधिवेशनं भरत आणि त्यांचे अध्यक्ष बदलत. या दहा वर्षांतच केळकर आणि भाई परमानंद यांनीही अध्यक्षपद भूषवलं. ‘१९२७ साली अध्यक्ष, पुढे सावरकर येईपर्यंत आघाडीचे नेते’ एवढंच लिहिलं तर ते खरं. फरक किरकोळ वाटतो, पण दहा वर्षांची सगळी जबाबदारी एकाच्या नावावर टाकायची की नाही, हे त्यावर ठरतं.

आता शब्दांकडे. आपल्याकडे गोची अशी की राजकारणाचे मराठी शब्द स्वतःच शंभर वर्षांत सरकले आहेत. ‘जातीयवादी’ घ्या. १९३०च्या सुमाराला मराठी वर्तमानपत्र ‘जातीय’ म्हणायचं तेव्हा अर्थ हिंदू-मुसलमान असा असे. समाजांनुसार मतदारसंघ वाटून देणारा ब्रिटिश सरकारचा १९३२चा तो प्रसिद्ध निर्णय आपण ‘जातीय निवाडा’ म्हणूनच शिकलो, ‘जातीय दंगल’ हा शब्दही तसाच. आज नागपुरात कामठी रोडवरच्या किंवा इंदोऱ्यातल्या, दलित वस्तीतल्या वाचकासमोर ‘मुंजे जातीयवादी होते’ असं ठेवलं तर तो ‘जातिवादी’ असं वाचतो, ब्राह्मण-दलित असा अर्थ घेतो, आणि लिहिणाऱ्याला जे म्हणायचंच नव्हतं त्यावर वाद पेटतो. जुन्या अंकातून उतरवताना हा शब्द जसाच्या तसा ठेवायचा असेल तर अवतरणात ठेवावा आणि पुढे ‘म्हणजे हिंदू-मुस्लिम तेढीच्या अर्थाने’ असं जोडावं. स्वतःच्या वाक्यात वापरूच नये.

मग ‘सांप्रदायिक’? हिंदीत चालतो, आणि नागपुरात फलक मराठी-हिंदी दोन्हींत लावायचा असला की भाषांतरात हा शब्द सरळ मराठीत घसरतो. मराठीत सांप्रदायिक म्हणजे वारकऱ्यांचं भजन. ‘सांप्रदायिक नेते’ वाचून एखादा भोळा माणूस मुंज्यांना कीर्तनकार समजेल. अशीच गंमत ‘प्रतियोगी सहकारिता’ची. टिळकांचा हा शब्द म्हणजे सरकार जेवढं देईल त्या प्रमाणात सहकार्य. हिंदी कानाला मात्र तो स्पर्धा परीक्षेसारखा लागतो. म्हणून ‘प्रतिसहकार पक्ष’ लिहावं आणि लगेच दोन-तीन शब्दांत फोडून सांगावं : कायदेमंडळात जाऊन, पदं घेऊन काम करणारे.

प्रत्ययांचंही तसंच. ‘-निष्ठ’ हा माणूस स्वतःला लावतो किंवा त्याचे चाहते लावतात : हिंदुत्वनिष्ठ. ‘-वादी’ त्यातल्या त्यात कोरडा. ‘-पंथी’मध्ये गुरू आला : टिळकपंथी. ‘-धार्जिणा’ लावला की निकालच लागला : ब्रिटिशधार्जिणा. गोलमेजला गेले म्हणून मुंज्यांना ब्रिटिशधार्जिणे म्हणणारे आहेत. तोच माणूस सैन्याचं हिंदीकरण, म्हणजे अधिकारपदांवर भारतीय माणसं येणं, लवकर व्हावं म्हणून सरकारशी भांडत होता, हा रकाना त्यांनी वाचलेला नसतो. परिचयात माझा कौल ‘-वादी’ला, तोही पक्षाचं किंवा धोरणाचं नाव मागे असेल तर. ‘प्रखर’, ‘कट्टर’, ‘ज्वलंत’, ‘धर्मांध’ ही मसाल्याची विशेषणं दोन्ही बाजूंनी काढून टाकली की अर्धं भांडण तिथेच मिटतं.

‘सनातनी’ हा तर मुंज्यांच्या बाबतीत सरळ चुकीचा शब्द आहे, तरी तो वारंवार सापडतो. हा गृहस्थ मांसाहाराचा पुरस्कर्ता, शिकारीचा शौकीन, अस्पृश्यता हटवा म्हणणारा आणि शुद्धीचा, म्हणजे परधर्मात गेलेल्यांना परत हिंदू करून घेण्याचा, समर्थक. त्या काळचे खरे सनातनी या चारांपैकी निदान तीन गोष्टींवर त्यांच्या अंगावर आले असते. ‘हिंदुत्ववादी’ चालेल, पण कोणत्या सालापासून ते सांगा. हिंदुत्व हा शब्द जुना असला तरी त्याची राजकीय व्याख्या मांडणारी सावरकरांची इंग्रजी पुस्तिका १९२३ साली, ‘एक मराठा’ या टोपणनावाने, नागपुरातूनच प्रकाशित झाली. तेव्हा १९०७च्या, सुरतेच्या मुंज्यांना हिंदुत्ववादी म्हणणं म्हणजे नातवाचं नाव आजोबाला देणं. आणि संघाचे संस्थापक म्हणून त्यांचं नाव देऊ नये. हेडगेवारांना वैद्यकीय शिक्षणासाठी कलकत्त्याला पाठवण्यात त्यांचा हात होता, ते हेडगेवारांचे मार्गदर्शक होते. पण त्यांची स्वतःची संस्था महासभा. दोन संस्थांचे संबंध पुढे चांगलेच ताणलेही गेले. ‘संघ-महासभा’ असा जोडशब्द करून दोन्हींचं एका वाक्यात उरकणं ही आळशी लेखणीची खूण.

आता खरी गाठ : फॅसिस्ट.

हा शब्द लावणाऱ्याने तीन गोष्टी दाखवल्या पाहिजेत. माणसाने काय पाहिलं, त्याबद्दल स्वतः काय लिहिलं, आणि परत येऊन काय उभं केलं. नुसती भेट पुरत नाही. मुसोलिनीच्या पाहुणचाराला रवींद्रनाथ १९२६ साली गेले होते आणि नंतर त्यांनी जाहीर टीका केली. गांधीजी मुंज्यांनंतर नऊ महिन्यांनी, १९३१च्या डिसेंबरात, रोममध्ये मुसोलिनीला भेटले. भेटीवरूनच शिक्का मारायचा तर तो या दोघांवरही बसेल. शिवाय तारखेचं भान हवं. १९३१ साली जर्मनीत हिटलर सत्तेवर आलेला नव्हता आणि इटलीत वंशभेदाचे कायदे व्हायला सात वर्षं होती. ‘फॅसिस्ट’ म्हटल्यावर आज आपल्या डोळ्यांपुढे १९४५ उभं राहतं. मुंज्यांपुढे १९३१ होतं.

इथवर ऐकून मुंज्यांचे चाहते खूश होतात. पण पुढचे दोन रकाने त्यांना अडचणीचे आहेत. भेटीबरोबर मुंज्यांनी बलिल्ला ही मुला-तरुणांची फॅसिस्ट संघटना आणि तिथल्या लष्करी-शारीरिक शिक्षणाच्या संस्था हिंडून पाहिल्या, आणि डायरीत सविस्तर लिहिलं. डायरी इंग्रजीत आहे, मुंज्यांचे कागद दिल्लीला पूर्वीच्या नेहरू स्मारक संग्रहालयाच्या, म्हणजे आताच्या प्रधानमंत्री संग्रहालयाच्या संग्रहात आहेत. हिंदुस्थानाला, विशेषतः हिंदूंना, लष्करी पुनरुज्जीवनासाठी असल्या संस्थेची गरज आहे, असं ते तिथे मांडतात. लगेच पुढे नागपूरच्या, हेडगेवारांच्या संघाचा उल्लेख येतो : ती याच जातीची संस्था आहे, मात्र तिची कल्पना पूर्णपणे स्वतंत्रपणे सुचलेली आहे.

हे एक वाक्य नीट बघा, कारण याचे दोन तुकडे करून दोन बाजू शंभर लेख लिहितात. एक बाजू पहिला अर्धा भाग छापते, ‘याच जातीची’, आणि स्वल्पविरामावर थांबते. दुसरी बाजू दुसरा अर्धा छापते, ‘स्वतंत्रपणे सुचलेली’, आणि पहिला भाग गिळते. दोन्ही भाग मिळून अर्थ असा निघतो : नक्कल केली असं मुंजे म्हणत नाहीत, साम्य आहे असं म्हणतात, आणि ते साम्य त्यांना चांगलं वाटतं. संघाची स्थापना १९२५ची, रोमची भेट १९३१ची; ‘इटलीहून आणलेल्या कल्पनेवर संघ निघाला’ हे सालातच बसत नाही. पण संघाच्या जवळचा एक माणूस १९३१ साली त्याची तुलना कशाशी करत होता, हेही त्यामुळे पुसलं जात नाही. परिचय लिहिताना हे वाक्य उद्धृत करायचं असेल तर अख्खं करा. जागा नसेल तर दोन्ही तुकडे सोडा.

१९३४ची एक नोंद याहून अवघड. हिंदू समाज देशभर एकसारखा करण्याची योजना मांडताना मुंजे लिहितात की स्वतःचं स्वराज्य आणि त्यावर एखादा हिंदू डिक्टेटर असल्याशिवाय हे साधणार नाही. आणि उदाहरणं देताना पूर्वीचे शिवाजी महाराज आणि आजचे मुसोलिनी किंवा हिटलर अशी नावं एका दमात घेतात. यातल्या ‘डिक्टेटर’चं मराठी काय करायचं, यावरच जाणकारांत खटका उडतो. सविनय कायदेभंगाच्या दिवसांत काँग्रेसही आपल्या सत्याग्रहाच्या स्थानिक प्रमुखांना ‘डिक्टेटर’ म्हणत असे. एक तुरुंगात गेला की दुसरा डिक्टेटर. त्या अर्थाने ‘सर्वाधिकारी’ हा शब्द बसतो आणि त्याला काळा रंग नाही. म्हणून चाहते इथे ‘सर्वाधिकारी’ सुचवतात. युक्तिवाद चलाख आहे, पण या वाक्यात टिकत नाही. बाजूला मुसोलिनी आणि हिटलर उभे असताना सत्याग्रहाच्या छावणीतला अर्थ घ्यायला जागाच उरत नाही. इथे ‘हुकूमशहा’च. मात्र शिवाजी महाराजांचं नाव वगळून फक्त दोन युरोपीय नावं छापणं, हीही लबाडीच. वाक्यात तीन नावं आहेत तर तीनही द्या. मुंज्यांच्या मनात ही तीन एका रांगेत बसत होती, हीच तर सांगण्यासारखी गोष्ट आहे.

तिसरा रकाना, परत येऊन काय उभं केलं. भोसला मिलिटरी स्कूल. शाळेच्या योजनेच्या प्रास्ताविकात मुंज्यांची युद्धाबद्दलची भाषा अगदी उघडी आहे : शत्रूची जास्तीत जास्त आणि आपली कमीत कमी हानी करून जिंकण्याच्या खेळासाठी मुलं तयार करायची. ती वाचून आज अंगावर काटा येतो. पण ती भाषा फॅसिस्ट की फक्त लष्करी? युद्धाला घातलेला असा ताळेबंद कोणत्याही देशाच्या लष्करी शिक्षणात सापडतो. फॅसिझमच्या खात्यावर घालायला एक पक्ष, एक नेता, विरोधकांना जागा नाही, राज्य सर्वांवर, असा काही आराखडा लागतो. तो शाळेच्या कागदात नाही. त्याच्या जवळपास जाणारं काही असेल तर ते १९३४च्या नोंदीत आहे. आणि हाच माणूस निवडणुका लढवत होता, कायदेमंडळात प्रश्न विचारत होता, गोलमेजला मतदारसंघांवर घासाघीस करत होता. दोन्ही एकाच माणसात होतं, आणि परिचयात दोन्हींना जागा हवी.

म्हणून माझा निवाडा असा. ‘१९३१नंतर इटलीतल्या फॅसिस्ट युवक-शिक्षणाने प्रभावित’ हे त्यांच्याच हस्ताक्षरावर सिद्ध होतं. ते बिनधास्त लिहावं, कोणी भुवया उंचावल्या तरी. ‘फॅसिस्ट’ हे नाम मात्र एका अभ्यासकाचा निष्कर्ष म्हणून, त्या अभ्यासकाच्या नावासह द्यावं. आणि ‘त्यांना फक्त तिथली शिस्त आवडली’ हे चाहत्यांचं वाक्य तर कुठेच देऊ नये, १९३४ची नोंद ते खोटं पाडते.

विदर्भातल्या वाचकाच्या दृष्टीने दलित प्रश्नाचा रकाना फॅसिझमपेक्षा जवळचा, आणि नेमका तोच बहुतेक परिचयांत गाळलेला असतो. १९३२च्या सुरुवातीला मद्रासचे एम. सी. राजा आणि मुंजे यांच्यात करार झाला : अस्पृश्य वर्गाला राखीव जागा, पण मतदारसंघ संयुक्त. बाबासाहेबांची मागणी तेव्हा स्वतंत्र मतदारसंघांची होती, आणि त्याच वर्षी मे महिन्यात आपल्या कामठीला भरलेल्या अस्पृश्य वर्गाच्या परिषदेत या कराराचा निषेध झाला. ऑगस्टमध्ये जातीय निवाडा आला, २४ सप्टेंबरला पुणे करार. पुणे करारात शेवटी राखीव जागा आणि संयुक्त मतदारसंघच आले, म्हणून ‘मुंजे द्रष्टे’ असं लिहिणारे निघतात; जागांची संख्या आणि प्राथमिक निवडणुकीची तरतूद ते सोडून देतात. १९३६च्या जूनमध्ये धर्मांतराच्या घोषणेनंतर मुंजे मुंबईला बाबासाहेबांना भेटले, आणि अस्पृश्य समाज शीख झाला तर महासभेची हरकत नसेल, अशा मसुद्यावर दोघांचं बोलणं झालं. मुंज्यांशी यावर झालेला पत्रव्यवहार एम. सी. राजांनी जाहीर केला, गांधीजींनी विरोध केला, गोष्ट तिथेच राहिली. वीस वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ला, याच शहरात काय झालं ते सांगायला नको.

यावरून मुंजे ‘समाजसुधारक’ की ‘दलितविरोधी’? दोन्ही नको. त्यांची अडचण हिंदूंच्या संख्येची आणि एकीची होती, आणि अस्पृश्यता त्या एकीच्या आड येत होती. शीख धर्म चालेल, इस्लाम किंवा ख्रिस्ती नको, यातच तो हिशेब उघडा पडतो. ‘हिंदू संघटनासाठी अस्पृश्यता निवारणाचे समर्थक’ हे थोडं लांबतं, पण हेतू आणि कृती दोन्ही त्यात येतात.

लेबल पक्षावरून लावू नये, याचा नमुना पाहायचा तर नागपूरचेच डॉ. ना. भा. खरे. १९३७ साली मध्यप्रांत-वऱ्हाडात काँग्रेसचे पंतप्रधान. तेव्हा प्रांताच्या प्रमुखालाही पंतप्रधानच म्हणत. १९३८च्या जुलैमध्ये महाकोशलच्या, म्हणजे प्रांताच्या हिंदीभाषक भागातल्या, मंत्र्यांशी बिनसलं, खऱ्यांनी राजीनामा देऊन गव्हर्नरकडून नवं मंत्रिमंडळ घेतलं, त्यात दलित समाजातले अग्निभोज होते. काँग्रेस कार्यकारिणीने त्यांना उतरवलं आणि रविशंकर शुक्ल आले. पुढे १९४३पासून व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात, १९४७ साली अलवार संस्थानाचे पंतप्रधान, मग हिंदू महासभेचे अध्यक्ष. वर्तमानपत्रांनी त्यांना दर दोन-चार वर्षांनी नवं लेबल दिलं. त्या सगळ्यांची बेरीज करून ‘संधिसाधू’ म्हणणं सोपं, पण तो स्वभावावरचा शेरा झाला, विचारसरणी नव्हे. खऱ्यांच्या परिचयात मी एकही ‘-वादी’ ठेवणार नाही. पदं आणि सालं ओळीने दिली की वाचणारा स्वतःच भुवई उंचावतो.

पुराव्याबद्दल थोडं. जुने अंक काढताना वर्तमानपत्राचा कल आधी कागदावर लिहा. ‘हितवाद’ १९११पासून, भारत सेवक समाजाचं, म्हणजे मवाळांच्या घरचं. गोपाळराव ओगल्यांचं ‘महाराष्ट्र’ १९१४पासून, टिळकांच्या बाजूचं. एकाच सभेचं वृत्त दोन्हींत वाचलं तर विशेषणं वेगळी आणि ठराव एकच, असं सापडतं. आपण ठराव घ्यायचा. आणि ‘मानले जातात’, ‘ओळखले जातात’ असली कर्ता लपवणारी क्रियापदं दिसली की काहून, कोण मानतं, असं विचारायचं. उत्तर सापडलं तर तो कर्ता वाक्यात आणा. नाही सापडलं तर वाक्य खोडा.

या सगळ्यातून निघणारा परिचय साधारण असा होतो :

“डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे (१८७२–१९४८). नागपुरातले नेत्रशल्यविशारद. राजकारणात आरंभी टिळकपंथी. पुढे गांधींच्या असहकाराचे विरोधक. १९२६ साली प्रतिसहकार (पदं घेऊन काम करणाऱ्या) पक्षातर्फे मध्यवर्ती कायदेमंडळात, १९२७ साली हिंदू महासभेचे अध्यक्ष. गोलमेज परिषदेला उपस्थित. १९३१ साली इटलीत मुसोलिनीची भेट. तिथलं फॅसिस्ट युवक-शिक्षण पाहून हिंदू तरुणांसाठी तशा संस्थेची गरज डायरीत नोंदवली. हिंदू संघटनासाठी अस्पृश्यता निवारणाचे समर्थक. १९३२च्या राजा-मुंजे कराराचे एक कर्ते. १९३७ साली नाशिकला भोसला मिलिटरी स्कूलची स्थापना. अनुयायी त्यांना ‘धर्मवीर’ म्हणत.”

साधारण सत्तर शब्द. यावर दोन हरकती ठरलेल्या. आयोजकांपैकी कोणी म्हणेल, मुसोलिनीची ओळ काढा, कार्यक्रम त्यांच्या नावाचा आहे. काढू नये, फार तर गोलमेजच्या ओळीला जोडून ‘परतताना इटली’ अशी बसवावी, म्हणजे ती मुद्दाम टोचल्यासारखी वाटत नाही. दुसरा कोणी म्हणेल, ‘धर्मवीर’ काढा, तो गौरव आहे. तोही ठेवावा, कारण कोण म्हणत हे वाक्यातच आहे आणि जुन्या छापील साहित्यात शोधणाऱ्याला ते त्याच नावाने सापडतात. ‘फॅसिस्ट युवक-शिक्षण’ऐवजी ‘इटालियन युवक-शिक्षण’ असा मधला मार्ग हमखास सुचवला जाईल. तो नाकारावा. बलिल्ला ही राजवटीची संघटना होती, देशाची सर्वसाधारण शाळा नव्हे. इथे ‘फॅसिस्ट’ हे मुंज्यांचं नाही, त्या संघटनेचं विशेषण आहे, आणि संघटनेच्या बाबतीत ते निर्विवाद आहे.

फलकावर जागाच कमी असली तर कापताना क्रम पाळा. आधी ‘धर्मवीर’ची ओळ जाते, मग नेत्रशल्य, मग गोलमेज. पक्ष बदलल्याची सालं आणि १९३१ शेवटपर्यंत राहतात. हिंदी मजकूर वेगळा लिहून घ्यावा, मराठीवरून यंत्राने काढू नये. ‘प्रतिसहकार’चं तिथे काय होतं ते एकदा करून बघा.